माप कोणी घ्यावे?

(एका विहाराच्या वाचनालयात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)

वकील बोलावयास उभा राहिला म्हणजे तो एखाद्या कायद्यावर किंवा एखाद्या निकालावर बोलणार, अशी अपेक्षा असते. त्या अपेक्षेचा मी आज फारसा भंग करणार नाही. मी एका निकालावरच बोलणार आहे. मात्र तो निकाल कोणत्याही खऱ्या न्यायालयाने दिलेला नाही. अमेरिकेत १९८९ सालच्या फेब्रुवारी महिन्यात दूरचित्रवाणीवर दाखविल्या गेलेल्या एका विज्ञानकथेतील तो निकाल आहे. 'स्टार ट्रेक : द नेक्स्ट जनरेशन' ही ती मालिका, आणि 'द मेझर ऑफ अ मॅन', म्हणजे 'माणसाचे माप', हे त्या भागाचे नाव.

आपल्यापैकी कित्येकांना दीक्षा घेऊन फार दिवस झालेले नाहीत. घरातील मुलांना काय वाचावयास द्यावे, काय दाखवावे, याचा आपण नव्याने विचार करीत आहात. अशा वेळी आकाशयानांच्या कल्पित गोष्टींवर एक संध्याकाळ खर्च करावी काय, असे आपण मला विचारू शकता. त्याचे उत्तर मी अखेरीस देईन. प्रथम एवढेच सांगतो की, या एका भागावर गेली वीस-बावीस वर्षे माझे प्रेम आहे, आणि जवळजवळ तितकीच वर्षे मी त्याच्याशी मनातल्या मनात भांडत आलो आहे.

कायद्याच्या महाविद्यालयात पहिल्या वर्षाला असताना वसतिगृहातील एका मित्राच्या संगणकावर तो मी प्रथम पाहिला. दुसऱ्या दिवशी कराराच्या कायद्याची परीक्षा होती. त्या रात्री माझा अभ्यास झाला नाही. परंतु वकिलाचे काम काय असते, याची पहिली खरी कल्पना मला त्या रात्री आली.

खटला काय होता?

कथा भविष्यकाळातील आहे. 'स्टारफ्लीट' नावाचे आकाशयानांचे एक दल आहे. त्या दलाच्या 'एंटरप्राइज' या यानावर डेटा नावाचा एक अधिकारी आहे. तो माणूस नाही. माणसाच्या आकाराचे, माणसासारखे बोलणारे चालणारे यंत्र आहे. परंतु दलाच्या अकादमीतून तो उत्तीर्ण झालेला आहे, लेफ्टनंट कमांडर हा त्याचा हुद्दा आहे, आणि शौर्याची व सेवेची पदके त्याला मिळालेली आहेत. ब्रेंट स्पायनर या नटाने ही भूमिका केली आहे.

ब्रूस मॅडॉक्स नावाचा एक शास्त्रज्ञ येतो. डेटाला उकलून, त्याची रचना समजून घेऊन तसेच अनेक यंत्रमानव तयार करावेत, अशी त्याची योजना आहे. डेटा त्याची योजना तपासतो आणि नकार देतो. कारण मॅडॉक्सचे ज्ञान अपुरे आहे, हे त्याच्या ध्यानात येते. मॅडॉक्स बदलीचा हुकूम पुढे करतो. डेटा राजीनामा देतो. तेव्हा मॅडॉक्स म्हणतो की, यंत्राला राजीनामा देता येत नाही. ते दलाच्या मालकीची वस्तू आहे.

दलाच्या विधी-अधिकारी फिलिपा लुव्हॉय या एकविसाव्या शतकातील, म्हणजे आपल्याच शतकातील, एका कायद्याच्या आधारे डेटा ही मालमत्ता असल्याचा निर्णय देतात. यानाचे कप्तान पिकार्ड त्यास आव्हान देतात. तेथील कचेरी नवी आहे, पुरेसे वकील नाहीत. म्हणून डेटाची बाजू पिकार्डने आणि दलाची बाजू पिकार्डचा दुय्यम अधिकारी रायकर याने मांडावी, असे ठरते. रायकर हा डेटाचा मित्र. तो नकार देतो, तेव्हा त्यास बजावले जाते की, तू उभा राहिला नाहीस तर सुनावणीच होणार नाही आणि पहिलाच निर्णय कायम होईल.

रायकर उभा राहतो. तो डेटाचा हात काढून न्यायासनापुढे ठेवतो. नंतर त्याच्या पाठीवरील कळ दाबून त्यास बंद करतो. डेटा टेबलावर कोसळतो. एक माणूस ज्यास चालू-बंद करू शकतो, ती वस्तू नव्हे तर काय, असा हा युक्तिवाद.

माझ्या प्रेमाची कारणे

हा भाग मेलिंडा स्नॉडग्रास या लेखिकेने लिहिला आहे. लेखनाकडे वळण्यापूर्वी त्यांनी काही वर्षे वकिली केली होती, आणि ते प्रत्येक प्रसंगात जाणवते. रायकर रात्री डेटाच्या रचनेची कागदपत्रे वाचीत बसलेला असतो. वाचता वाचता ती कळ त्यास सापडते. क्षणभर त्याच्या चेहऱ्यावर जिंकल्याचा आनंद उमटतो. आणि दुसऱ्याच क्षणी आपण काय जिंकीत आहोत, हे कळून तो चेहरा उतरतो. मुद्दा सापडल्याचा आनंद आणि त्या मुद्द्याची लाज, ही दोन्ही एकाच क्षणी अनुभवली नाहीत असा वकील विरळा.

दुसरे कारण गायननचा प्रसंग. पिकार्ड खटला हरल्यासारखा खिन्न होऊन यानावरील विश्रांतिगृहात येतो. तेथील व्यवस्था पाहणारी गायनन ही स्त्री त्याच्याशी बोलते. मॅडॉक्सला एक डेटा नको आहे, हजारो हवे आहेत, याची ती त्यास आठवण करून देते. अनेक जगांत असे जीव असतात, की जी कामे इतरांना नकोशी, धोक्याची वा घाणीची वाटतात ती त्यांच्याकडून करून घेतली जातात. वापरून टाकून देता येतील अशा माणसांच्या पिढ्याच्या पिढ्या. ती फार सौम्य आवाजात हे सांगते. पिकार्डच्या तोंडून मग गुलामगिरी हा शब्द निघतो. गायननची भूमिका व्हूपी गोल्डबर्ग यांनी केली आहे. १९६६ साली सुरू झालेल्या मूळ मालिकेत निशेल निकल्स ही कृष्णवर्णीय नटी यानावरील अधिकारी म्हणून दिसली, मोलकरीण म्हणून नव्हे, हे पाहून आपण लहानपणी हरखून गेलो होतो, असे गोल्डबर्ग यांनी अनेकदा सांगितले आहे. ज्या देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने १८५७ साली ड्रेड स्कॉटच्या खटल्यात गुलामाला मालमत्ता ठरविले, त्या देशातील कृष्णवर्णीय स्त्री हे वाक्य बोलते, तेव्हा ती कथा केवळ भविष्यकाळाची राहत नाही.

तिसरे कारण निकालाचे आहे. डेटा यंत्र आहे. परंतु तो दलाची मालमत्ता नाही, असे लुव्हॉय ठरवितात. त्याला आत्मा आहे काय, या प्रश्नावर त्या म्हणतात की, ते मला ठाऊक नाही, मला स्वतःला आहे की नाही हेही ठाऊक नाही. त्या प्रश्नाचा शोध घेण्याचे स्वातंत्र्य मात्र त्यास असले पाहिजे.

ज्यांनी आत्म्याची कल्पना सोडून तथागताचा मार्ग धरला आहे, त्यांना या निकालात विशेष काही दिसावे. 'मिलिंदपञ्ह' या ग्रंथात भदन्त नागसेन मिलिंद राजाला विचारतात की, चाक म्हणजे रथ काय, आस म्हणजे रथ काय, की जू म्हणजे रथ? सुटे भाग दाखवून 'हा रथ नव्हेच' असेही म्हणता येत नाही, आणि भागांपलीकडे वेगळा रथही दाखविता येत नाही. रायकर हात काढून दाखवितो तेव्हा मला नेहमी तो संवाद आठवतो. सुटे भाग करता येतात म्हणून डेटा वस्तू ठरत असेल, तर शस्त्रक्रियेच्या टेबलावर निजलेला प्रत्येक माणूस वस्तूच ठरेल. हक्कासाठी आत्म्याचा दाखला लागत नाही, एवढे तरी त्या कल्पित न्यायासनाने मान्य केले.

आईचा प्रश्न

इतके असूनही हा भाग पाहून उठताना माझ्या मनात काहीतरी सलत राही. बरीच वर्षे मी ते वकिली खुसपट समजत होतो. मित्राला मित्राविरुद्ध उभे करणे, हाताखालच्याने वरिष्ठाविरुद्ध वाद घालणे, न्यायासनावरील बाईंनी पूर्वी त्याच पिकार्डविरुद्ध लष्करी खटला चालविलेला असणे, हे कोणत्याही अपील न्यायालयात टिकणारे नाही. शिवाय ज्याला तुम्हीच अकादमीत घेतले, ज्याला तुम्हीच हुद्दा दिला, ज्याने तुमच्या शब्दावर विसंबून वर्षानुवर्षे सेवा केली, त्याला आता 'तू वस्तू होतास' असे म्हणण्यास तुम्हांस तोंड नाही, हा इस्टॉपेलचा साधा मुद्दा पिकार्डने पहिल्या पाच मिनिटांत मांडावयास हवा होता. तो पदके दाखवितो. परंतु हा मुद्दा मांडीत नाही.

सल खरी कोठे आहे, हे मला माझ्या आईने दाखविले.

माझ्या आईने तीस वर्षे एका कचेरीत झाडलोट केली. गेल्या वर्षी एका रविवारी दुपारी मी तिला हा भाग दाखविला. इंग्रजी संवादांचे मराठी मी तोंडी करीत होतो. मॅडॉक्स डेटाचा उल्लेख माणसासारखा करीत नाही, वस्तूसारखा करतो. आपल्या भाषेत हे सांगणे सोपे आहे. मी म्हटले, "बघ, सगळे 'तो' म्हणतात, हा माणूस 'ते' म्हणतो." आई हसली. म्हणाली, "मला कळलं. कचेरीत मला 'ती झाडूवाली' म्हणायचे. नाव हजेरीपटात तेवढं होतं."

निकाल लागला. अखेरीस मॅडॉक्सच्या तोंडूनही 'तो' हा शब्द निघतो आणि लुव्हॉय ते त्याच्या ध्यानात आणून देतात. मला प्रत्येक वेळी येते तसे त्याही वेळी डोळ्यांत पाणी आले. मी मोठ्या अभिमानाने आईकडे पाहिले. ती म्हणाली, "निकाल चांगला झाला. पण त्याला एवढी पदकं होती. एवढा मोठा कप्तान त्याच्या पाठीशी होता. तो नुसता झाडलोट करणारा असता, तर त्याच्यासाठी कोर्ट तरी भरलं असतं का रे?"

बंधुभगिनींनो, वीस वर्षांत मला जो प्रश्न नेमका मांडता आला नव्हता, तो हाच होता.

परीक्षेचा फास

आता त्या युक्तिवादाकडे पुन्हा पाहू. मॅडॉक्सच्या मते जाणिवेच्या जीवाची तीन लक्षणे आहेत: बुद्धी, आत्मभान आणि चेतना. पिकार्ड त्यास विचारतो की, मी असा जीव आहे हे तू सिद्ध करून दाखव. मॅडॉक्स म्हणतो, हे हास्यास्पद आहे. तुम्ही तसे आहात हे सर्वांनाच ठाऊक आहे. माझ्या मते सबंध खटल्याचे उत्तर येथे हाती आले होते. पुराव्याचा बोजा एकाच पक्षावर आहे, दुसऱ्यावर नाही, हे येथे उघडे पडले होते. पिकार्डने येथेच थांबून विचारावयास हवे होते की, जी परीक्षा मला द्यावी लागत नाही, ती याने का द्यावी?

पण पिकार्ड तो धागा सोडून देतो. तो डेटाला परीक्षेस बसवितो. डेटा हुशार आहे, हे मॅडॉक्सकडून वदवून घेतो. मग डेटाला विचारतो की, येथे काय चालले आहे? डेटा उत्तर देतो की, आपण व्यक्ती की मालमत्ता हे ठरविणारी ही सुनावणी आहे, आणि आपला निवडीचा हक्क, कदाचित जीवही, पणास लागला आहे. तीनपैकी दोन लक्षणे जुळली. तिसरे थोडेसे जरी असले तर काय, असे विचारून पिकार्ड हजारो डेटांच्या भावी गुलामगिरीचे चित्र न्यायासनापुढे उभे करतो. ते भाषण उत्तम आहे. मी ते पाठ केले आहे. परंतु त्याचा अर्थ असा होतो की, डेटा उत्तीर्ण झाला म्हणून सुटला. जो अनुत्तीर्ण होईल त्याचे काय, हे तेथे कोणी विचारले नाही.

आणखी एक गोष्ट. गुलामगिरीचा विचार गायननचा. पण ती न्यायालयात नाही. जीव डेटाचा, पण त्याच्या वाट्यास काही वाक्येच येतात. वक्तृत्व सगळे कप्तानाचे. चांगल्या मनाचा धनी लाभला म्हणून मिळालेली मुक्ती धन्याच्या मनावर अवलंबून राहते.

हक्काच्या दाराशी परीक्षा बसविण्याची ही युक्ती कल्पित नाही. अमेरिकेत १८६५ साली घटनेच्या तेराव्या दुरुस्तीने गुलामगिरी रद्द झाली, आणि पुढे दक्षिणेकडील अनेक राज्यांनी मतदानासाठी अक्षरज्ञानाच्या परीक्षा लावल्या. परीक्षक गोरा, परीक्षार्थी काळा. आणि उत्तीर्ण कोणास करावयाचे हे परीक्षकाच्या मर्जीवर. १९६५ सालचा मतदान हक्काचा कायदा येईपर्यंत हे चालले. आपल्या देशातही १९३५ च्या कायद्याखाली मताचा हक्क मालमत्ता, करभरणा, शिक्षण अशा अटींना बांधलेला होता. १९२८ साली सायमन कमिशनपुढे बाबासाहेबांनी प्रौढ मतदानाची मागणी केली, आणि १९५० साली अमलात आलेल्या घटनेच्या ३२६ व्या कलमात ते आले. त्या कलमात अक्षरज्ञानाची अट नाही, संपत्तीची नाही. सतराव्या कलमात अस्पृश्यता नष्ट केली आहे, ती कोणी सद्गुणी आहे म्हणून नव्हे. चौदाव्या आणि एकविसाव्या कलमांत तर शब्दच 'व्यक्ती' असा आहे. तिचे माप घेण्यास तेथे कोणी बसविलेला नाही.

कायद्याला एखाद्यास व्यक्ती मानावयाचे असले, म्हणजे तो परीक्षा घेत नाही, याचाही पुरावा आहे. १९२५ साली प्रिव्ही कौन्सिलने कलकत्त्याच्या एका खटल्यात देवाची मूर्ती ही कायद्याच्या दृष्टीने व्यक्ती आहे आणि तिच्या इच्छेचा विचार झाला पाहिजे, असे ठरविले. त्या मूर्तीला बुद्धी आहे काय, आत्मभान आहे काय, असे कोणी विचारले नाही. व्यापारी कंपनीलाही कोणी विचारीत नाही. आणि त्याच दशकात, १९२७ साली, महाडच्या तळ्याचे पाणी जिवंत माणसांनी प्यावे की नाही, यावर वाद झाला. त्याचा शेवटचा निकाल मुंबईच्या उच्च न्यायालयातून लागावयास १९३७ साल उजाडले. म्हणून तीन लक्षणांची परीक्षा कोणी काढली की मी प्रथम पाहतो, ती कोणासाठी काढली आहे आणि कोणास माफ आहे.

पुढे काय झाले?

मालिकेच्या कर्त्यांनाही हा प्रश्न सुटू देत नव्हता, हे त्यांच्या श्रेयाचे आहे. १९९० साली 'द ऑफस्प्रिंग' या भागात डेटा स्वतःच्या हातांनी एक मुलगी घडवितो आणि तिचे नाव 'लाल' ठेवतो. हिंदीत या शब्दाचा अर्थ 'लाडकी' असा होतो, असे तो सांगतोही. निकालाला एक वर्ष झाले आहे. तरी दलाचा एक वरिष्ठ अधिकारी त्या मुलीला बापापासून तोडून प्रयोगशाळेत न्यावयास येतोच. बापाला मिळालेल्या निकालाने लेकीचे रक्षण झाले नाही.

२००१ साली 'व्हॉयेजर' या मालिकेच्या 'ऑथर, ऑथर' या भागात प्रकाशाच्या किरणांनी बनलेला एक डॉक्टर आहे. त्याने लिहिलेले पुस्तक त्याच्या संमतीवाचून प्रकाशित होते. प्रकाशकाचे म्हणणे असे की, तो व्यक्तीच नाही, मग त्यास लेखकाचा हक्क कसला? निवाडा देणारा अधिकारी त्यास कलावंत मानतो. व्यक्ती मानण्याचे मात्र टाळतो. आणि शेवटच्या प्रसंगात आपण काय पाहतो? त्याच डॉक्टरच्या चेहऱ्याचे, त्याच घडणीचे अनेक जण एका खाणीत घाणीचे काम करीत आहेत. ज्याने पुस्तक लिहिले तो कलावंत. ज्यांना ती संधी मिळाली नाही ते खाणीत. २०२० सालच्या 'पिकार्ड' या मालिकेत मंगळावरील गोदीत राबणारे यंत्रकामगार आणि त्यांची थट्टा करणारी माणसे दिसतात. गायननने १९८९ साली ज्यांच्याविषयी सांगितले होते, तेच हे लोक. माझ्या आईने ज्याच्याविषयी विचारले, तो झाडलोट करणारा त्यांच्यात आहे. आणि त्याच्यासाठी कोर्ट भरले नाही.

आजकाल बोलणारी यंत्रे घरोघरी आली आहेत. त्यांना हक्क असावेत काय, असे मला काही तरुण विचारतात. आज मी त्यावर बोलत नाही. माझी चिंता माणसांची आहे.

माझी स्वतःची कबुली

मी पिकार्डला दोष दिला. आता स्वतःविषयी सांगतो, म्हणजे हिशेब पुरा होईल.

काही वर्षांपूर्वी थकलेल्या मजुरीसाठी एका कामगाराचा दावा मी चालविला. मालक त्यास मजूर मानावयासच तयार नव्हता. मी न्यायालयास सांगितले की, माझा अशील निर्व्यसनी आहे, पंधरा वर्षांत त्याने एक खाडा केला नाही, त्याचा मुलगा अभियंता होत आहे. हे सर्व खरे होते. न्यायाधीशांचा चेहरा मृदू झालेला मला दिसला. दावा आम्ही जिंकलो. त्या दिवशी मला पिकार्ड झाल्यासारखे वाटले, हे मी लपवीत नाही.

पुढे त्याच ठिकाणचा दुसरा कामगार माझ्याकडे आला. त्याला सही येत नव्हती, तो दारू पीत असे, खाडे करी, आणि उलटतपासणीत अडखळला. काम मात्र त्यानेही केले होते. विरुद्ध बाजूच्या वकिलाने पहिल्या दाव्यातील माझेच शब्द वाचून दाखविले आणि म्हटले, "हा इसम तसा नाही." मी उठून सांगितले की, मजुरी कामाची असते, चारित्र्याची नव्हे. पण ते मी पहिल्याच दाव्यात सांगावयास हवे होते. त्या वेळी मला ते सोयीचे नव्हते. दुसऱ्या कामगाराला निम्म्या रकमेवर तडजोड करावी लागली.

त्या माणसाचा चेहरा आणि आईचा प्रश्न आता माझ्या मनात एकत्रच येतात.

मग हा भाग आवडता कसा राहिला, असे आपण विचाराल. एक तर पिकार्डने जे केले ते न करता डेटाला वाचविता आले असते काय, याची मला खात्री नाही. न्यायासनावर बसलेला माणूस कोणता मुद्दा ऐकावयास तयार आहे, हे पाहूनच वकिलाला बोलावे लागते. उद्या उकलला जाणारा जीव समोर असताना तत्त्वाच्या शुद्धतेसाठी त्यास मरू द्यावे, असे मी कोणास सांगणार नाही. दुसरे असे की, शेवटी डेटा रायकरला शोधीत जातो. आनंदाच्या मेळाव्यास यावयाचे रायकरला धैर्य होत नाही. डेटा त्यास सांगतो की, तू माझ्याविरुद्ध उभा राहिलास म्हणून सुनावणी झाली. त्या कृत्याने जखम तुला झाली आणि वाचलो मी. ज्याची नुकतीच परीक्षा घेतली गेली, तो परीक्षकाच्या जखमेची विचारपूस करतो. ही करुणा त्या तीन लक्षणांच्या यादीत कोठेच नव्हती.

माझी मागणी एवढीच आहे की, हा भाग शेवटचा शब्द म्हणून पाहू नये. त्यात एक जण सुटला. तो सुटला हे उत्तम झाले. पण सुटण्याची जी वाट त्याने दाखविली, ती पदके असणाऱ्यांची आहे.

आता प्रारंभीच्या प्रश्नाचे उत्तर. एक संध्याकाळ खर्च करावी काय? जरूर करावी. मुलांना जवळ बसवून हा भाग दाखवा. त्यांना संवाद मराठीत सांगा. 'तो' आणि 'ते' यांतील अंतर त्यांना लगेच कळेल. निकाल लागण्यापूर्वी थांबवा आणि त्यांनाच न्यायाधीश करा. ती डेटाला सोडतीलच. मग त्यांना विचारा, का सोडले? तो हुशार आहे म्हणून, शूर आहे म्हणून, चांगला आहे म्हणून, असे ती म्हणतील. तेव्हा माझ्या आईचा प्रश्न त्यांच्यापुढे ठेवा, आणि उत्तर सांगण्याची घाई करू नका.

आपली मुले शिकतील, पदव्या घेतील, पदकेही मिळवतील. ती मिळवावीत. परंतु ती हक्काची किंमत म्हणून मोजली, असे त्यांना कधी वाटू नये. आणि ज्यांनी ती मिळवली नाहीत त्यांच्याकडे पाहून 'हा तसा नाही' असे त्यांच्या तोंडून कधी निघू नये. एवढे झाले तर ती संध्याकाळ कारणी लागली असे मी समजेन.

जयभीम.